लोकप्रियता आणि संहिता : ज्यूल व्हर्नच्या टिकाऊ वाचकप्रियतेचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीचा विचार आपल्या अभ्यासक्रमांत होतो, तेव्हा बाल्झाक, स्तांदाल, फ्लोबेर, झोला ही नावे क्रमाने येतात. ज्यूल व्हर्नचे नाव या मालिकेत सहसा नसते. त्याची जागा ग्रंथालयाच्या बालविभागात, असे आपण गृहीत धरलेले असते. तथापि जगभरच्या अनुवादांची नोंद ठेवणाऱ्या युनेस्कोच्या सूचीत, १९७९ पासूनच्या नोंदींनुसार, ॲगाथा ख्रिस्तीखालोखाल सर्वाधिक अनुवाद झालेला लेखक ज्यूल व्हर्न हाच आहे. शेक्सपिअरचा क्रमांक त्याच्यानंतर लागतो. व्हर्नचा मृत्यू २४ मार्च १९०५ रोजी झाला. ज्या यंत्रांमुळे त्याच्या वाचकाला विस्मय वाटला, ती यंत्रे आज वस्तुसंग्रहालयात आहेत. विस्मयाचे कारण नाहीसे झाल्यावरही वाचक टिकून राहावा, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावी अशी आहे.

या लोकप्रियतेची तीन कारणे सामान्यतः दिली जातात. व्हर्न हा भविष्यवेत्ता होता, हे पहिले. त्याने विज्ञान सोपे करून सांगितले, हे दुसरे. त्याच्या कथा साहसाच्या असल्यामुळे मुलांना आवडतात, हे तिसरे. ही तिन्ही कारणे अपुरी आहेत असे प्रस्तुत लेखकाला वाटते. साहसकथा लिहिणारे त्याचे कितीतरी समकालीन विस्मृतीत गेले आहेत. शास्त्रीय माहितीची त्या काळातील पुस्तके आज कोणी वाचत नाही. भविष्यकथनाचा दावा तर तपासून पाहिल्यास फारसा टिकत नाही.

प्रस्तुत निबंधात दोन विधाने मांडावयाची आहेत. व्हर्नच्या टिकाऊपणाचे मूळ त्याच्या कथनाच्या बांधणीत आहे, हे पहिले विधान. ही बांधणी इतकी भक्कम आहे की संहितेला कात्री लावली, आशय बदलला, तरी कथा उभी राहते. आणि म्हणूनच त्याच्या संहितेला कात्री लागत गेली, हे दुसरे. जगाने ज्या व्हर्नवर प्रेम केले तो बऱ्याच अंशी कापलेला, सौम्य केलेला व्हर्न होता. या फेरफाराचा सर्वांत मोठा बळी ठरलेले त्याचे पात्र एक भारतीय आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

२. जडणघडण : लेखक आणि प्रकाशक

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी नांत या बंदराच्या गावी झाला. वडील वकील होते आणि मुलाने तोच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आलेला हा तरुण नाटकांकडे ओढला गेला. काही काळ त्याने एका नाट्यगृहाचे चिटणीसपद सांभाळले, पुढे संसारासाठी रोखेबाजारात नोकरी धरली. वयाच्या पस्तिशीपर्यंत त्याच्या नावावर कथाकादंबरीच्या क्षेत्रात सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

१८६२ मध्ये त्याची पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाशी गाठ पडली. एत्झेल हा बाल्झाक आणि ह्यूगो यांचा प्रकाशक, प्रजासत्ताकवादी विचारांचा गृहस्थ होता. १८५१ च्या सत्तापालटानंतर काही वर्षे त्याला बेल्जियममध्ये परागंदा होऊन राहावे लागले होते. जानेवारी १८६३ मध्ये त्याने व्हर्नची 'फुग्यातून पाच आठवडे' ही कादंबरी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी त्याने शिक्षणतज्ज्ञ झाँ मासे याच्या सहकार्याने शिक्षण आणि रंजन अशी दोन्ही उद्दिष्टे नावातच धारण करणारे एक कौटुंबिक पाक्षिक सुरू केले. व्हर्न हा त्या पाक्षिकाचा आधारस्तंभ ठरला. आधुनिक विज्ञानाने गोळा केलेल्या भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान आणि खगोल यांविषयीच्या सर्व ज्ञानाचे सार मनोरम रीतीने सांगणे, असे 'असाधारण प्रवास' या मालेचे उद्दिष्ट एत्झेलने एका प्रस्तावनेत जाहीर केले होते. हे उद्दिष्ट लेखकाचे नसून प्रकाशकाचे होते, ही बाब ध्यानात ठेवावयास हवी.

व्हर्नची कादंबरी आधी नियतकालिकात क्रमशः येई, मग साध्या छोट्या पुस्तकाच्या रूपाने निघे आणि अखेरीस नववर्षाच्या भेटीसाठी सोनेरी नक्षीच्या बांधणीचा मोठा सचित्र ग्रंथ होई. एकच कथा अशी तीनदा वाचकापुढे येत असे. त्यावर रंगभूमीची भर पडली. 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा' या कादंबरीचे नाट्यरूप नोव्हेंबर १८७४ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आले आणि पुढे शातले नाट्यगृहात त्याचे प्रयोग अधूनमधून १९४० पर्यंत होत राहिले. लोकप्रियतेची ही यंत्रणा मोठी होती, यात शंका नाही. परंतु एत्झेलचे इतर लेखकही याच यंत्रणेतून वाचकांपर्यंत गेले होते. ते आज उरले नाहीत. तेव्हा यंत्रणेने प्रारंभीच्या यशाचा उलगडा होतो, दीर्घकालीन यशाचा होत नाही.

३. भविष्यवेत्ता ही प्रतिमा

व्हर्नने पाणबुडी 'शोधून काढली', चंद्रयान 'आधीच पाहिले', अशी विधाने सर्रास केली जातात. वस्तुस्थिती वेगळी आहे. रॉबर्ट फुल्टनने १८०० मध्येच फ्रान्समध्ये एक पाणबुडी बांधली होती आणि तिचे नावही 'नॉटिलस' हेच होते. फ्रेंच आरमाराची 'प्लाँजर' ही पाणबुडी १८६३ मध्ये पाण्यात उतरली. 'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी त्यानंतर सहा-सात वर्षांनी, १८६९-७० मध्ये आली. 'पृथ्वीवरून चंद्रावर' (१८६५) या कादंबरीतील प्रवासी प्रचंड तोफेच्या गोळ्यात बसून निघतात. प्रत्यक्षात तोफ उडताच बसणाऱ्या धक्क्याने ते जागीच मरण पावले असते. फ्लोरिडातून उड्डाण आणि प्रशांत महासागरात अवतरण ही पुढील अपोलो मोहिमांशी जुळणारी साम्ये लक्षवेधी आहेत खरी. पण त्यांवरून द्रष्टेपण सिद्ध होत नाही. व्हर्नला आपल्या वर्तमानात काय चालले आहे याची उत्तम जाण होती, इतकेच म्हणता येईल. तो उद्याचे लिहीत नव्हता, आजचे थोडे पुढे ओढून लिहीत होता.

त्याने खऱ्या अर्थाने भविष्याविषयी लिहिलेली कादंबरी मात्र वाचकांना त्याच्या हयातीत मिळालीच नाही. 'विसाव्या शतकातील पॅरिस' हे तिचे नाव. एत्झेलने ती साभार परत केली. हस्तलिखित १९८९ मध्ये व्हर्नच्या पणतवाला घरच्या तिजोरीत सापडले आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कथा १९६० सालात घडते. त्या पॅरिसमध्ये वायूवर चालणाऱ्या गाड्या आहेत, उंचावरून धावणाऱ्या आगगाड्या आहेत, लिखित मजकुराची प्रतिमा दूर पाठवणारी तारयंत्रे आहेत. नायक मिशेल याला लॅटिन काव्यरचनेचे पारितोषिक मिळते, तेव्हा सभागृहातील लोक त्याची टर उडवतात. पुस्तकांच्या अवाढव्य दुकानात तो ह्यूगोची पुस्तके मागतो आणि विक्रेत्याला हे नावच ठाऊक नसते. बँकेच्या हिशेबवह्यांत न रमलेला हा कवी अखेर हिवाळ्यात, बर्फाने झाकलेल्या दफनभूमीत कोसळतो.

कलादृष्ट्या ही कादंबरी कच्ची आहे. एत्झेलचा निर्णय व्यवसायाच्या दृष्टीने चुकला असे म्हणवत नाही. परंतु यंत्रयुगाचा भाट म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखकाची पहिली भीती ही होती की या युगात वाङ्मयाला जागा उरणार नाही. भाषा आणि साहित्य यांच्या विभागांत आज काम करणाऱ्या कोणालाही हे वाचताना अस्वस्थ वाटल्याशिवाय राहणार नाही. एत्झेलने ही भीती पेटीत बंद करविली आणि जगाला उत्साही व्हर्न दिला.

४. कथनाची बांधणी

मग टिकून राहिले ते काय? व्हर्नच्या प्रमुख कादंबऱ्यांतून कथनाचे चार घटक पुनःपुन्हा आढळतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला घटक मुदतीचा. फिलिअस फॉग २ ऑक्टोबर १८७२ रोजी लंडन सोडतो आणि २१ डिसेंबरला त्याला परतावयाचे असते. ही कादंबरी पॅरिसच्या 'ल ताँ' या वृत्तपत्रात त्याच वर्षी ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर या काळात क्रमशः आली. वाचकाच्या हातातील वृत्तपत्राची तारीख आणि नायकाच्या प्रवासाची तारीख यांचे अंतर रोज कमी होत जाऊन अखेरीस जवळजवळ नाहीसे झाले. त्यामागे खऱ्या घटना होत्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, त्याच वर्षी अमेरिकेतील पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडला गेला आणि १८७० मध्ये जबलपूर येथे मुंबईकडून व कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग एकमेकांना मिळाले. पृथ्वीभोवती नियमित वेळापत्रकाचे कडे प्रथमच पूर्ण झाले होते. त्या वेळापत्रकाला व्हर्नने नाट्य दिले. पूर्वेकडे जात राहिल्याने एक दिवस पदरात पडतो, ही भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील रुक्ष बाब त्याने कथेच्या शेवटच्या कलाटणीसाठी राखून ठेवली. येथे ज्ञान कथेला चिकटवलेले नाही. ज्ञान हीच कलाटणी आहे.

दुसरा घटक बंदिस्त निवासाचा. रोलाँ बार्तने १९५० च्या दशकातील एका छोट्या लेखात असे मांडले की व्हर्नचा खरा विषय प्रवास नसून बंदिस्तपणाचे सुख हा आहे. त्याचे जहाज म्हणजे एक परिपूर्ण घर. हे निरीक्षण मार्मिक आहे. नॉटिलसमध्ये ग्रंथालय आहे, वाद्य आहे, चित्रे आहेत. काचेबाहेर अथांग समुद्र आहे. 'वाफेचे घर' (१८८०) या कादंबरीत तर वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन चाकांची घरेच उत्तर हिंदुस्थानभर ओढत नेतो. घर न सोडता जग पाहणे, ही वाचनक्रियेचीच प्रतिमा आहे. अंथरुणात पडून पुस्तक वाचणारा मुलगा आणि नॉटिलसच्या खिडकीशी बसलेला प्राध्यापक आरोनाक्स यांची स्थिती एकच असते.

तिसरा घटक यादीचा. माशांच्या, वनस्पतींच्या, खडकांच्या लांबलचक याद्या हा व्हर्नचा दोष मानला जातो आणि संक्षेपकार सर्वप्रथम त्यांवरच हात चालवतात. परंतु यादीचा उपयोग तो निरनिराळ्या तऱ्हांनी करतो. फॉग मुंबईत उतरतो तेव्हाचा प्रसंग पाहण्याजोगा आहे. नगरभवन, ग्रंथालय, किल्ले, गोद्या, कापसाचा बाजार, मशिदी, आर्मेनियन चर्चे, मलबार हिलवरील देवालय, घारापुरी, साष्टीतील कान्हेरीची लेणी, अशी स्थळांची मालिका निवेदक देतो. पण ती फॉगने पाहिली म्हणून नव्हे. यांतील काहीही पाहण्याची त्याला इच्छा झाली नाही, हे सांगण्यासाठी देतो. फॉग थेट स्थानकावर जाऊन जेवतो आणि ताटातील सशाच्या मांसाविषयी त्याला शंका येते. ज्ञान देणारी यादी आणि त्या ज्ञानाची जराही पर्वा नसलेला नायक यांच्या विरोधातून येथे विनोद निर्माण होतो. यादी कापली की माहिती जाते, आणि तिच्याबरोबर हा उपरोधही जातो.

चौथा घटक शून्यापासून उभारणीचा. 'गूढ बेट' (१८७४-७५) मधील पाच माणसे फुग्यातून निर्जन बेटावर येऊन पडतात, तेव्हा त्यांच्याजवळ जवळजवळ काहीच नसते. अभियंता सायरस स्मिथ घड्याळांच्या दोन काचांमध्ये पाणी भरून भिंग तयार करतो आणि सूर्यकिरणांनी विस्तव पेटवतो. तेथून विटा, लोखंड, स्फोटके आणि अखेर तारयंत्र असा क्रम लागतो. मानवी संस्कृतीचा सारा इतिहास काही वर्षांत पुन्हा घडतो. वाचकाला येथे मिळणारा आनंद नव्या यंत्राचा नाही. कृती आणि कारण यांची साखळी डोळ्यांसमोर जोडली जाताना पाहण्याचा तो आनंद आहे. तो शिळा होत नाही, कारण यंत्र जुने झाले तरी कार्यकारणभाव जुना होत नाही.

हे चारही घटक भाषेच्या विशिष्ट पोतावर फारसे अवलंबून नाहीत. फ्लोबेरचे वाक्य अनुवादात सांडते. व्हर्नची मुदत, त्याचे घर आणि त्याची कार्यकारणाची साखळी संक्षेपात, चित्रकथेत, चित्रपटातही शाबूत राहतात. त्याच्या जागतिक लोकप्रियतेचे रहस्य येथे आहे, आणि तिची किंमतही येथेच मोजली गेली.

५. नेमोचे काय झाले

'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कोणी नाही' असा आहे. व्हर्नच्या मूळ योजनेत मात्र हे पात्र कोणी तरी होते. रशियाविरुद्ध १८६३ मध्ये झालेल्या उठावात सर्वस्व गमावलेला पोलिश सरदार अशी त्याची कल्पना होती. एत्झेलने हरकत घेतली. रशियाला दुखवणे राजकीय दृष्ट्या आणि बाजारपेठेच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. व्हर्नने पोलंडचे नाव गाळले, पण दुसरे कोणतेही नाव घातले नाही. १८७० मधील नेमो म्हणूनच देशहीन राहिला. त्याच्या सूडाचे कारण झाकले गेले आणि त्या झाकण्यातूनच त्याला गूढता प्राप्त झाली. प्रकाशकाच्या दडपणाचा येथे एक अनपेक्षित वाङ्मयीन लाभ झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

'गूढ बेट'च्या अखेरीस मरणासन्न नेमो आपली ओळख सांगतो. तो बुंदेलखंडातील राजपुत्र डक्कार आहे, टिपू सुलतानाचा भाचा आहे आणि १८५७ च्या उठावात लढलेला आहे. टिपूचा मृत्यू १७९९ चा असल्यामुळे हे नाते कालगणनेत नीट बसत नाही. दोन्ही कादंबऱ्यांतील तारखाही एकमेकींशी जुळत नाहीत. पण या विसंगतीपेक्षा निवड अधिक अर्थपूर्ण आहे. युरोपातील एका अंकित राष्ट्राचे दुःख सांगता येईना, तेव्हा व्हर्नने ते इंग्रजांच्या अंकित असलेल्या राष्ट्राला दिले. फ्रेंच वाचकाला ते पचणारे होते, हा हिशेब त्यात आहेच. तरीही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीत सर्वांत विद्वान, सर्वांत समर्थ आणि सर्वांत शोकात्म नायक १८५७ चा पराभूत भारतीय असावा, ही घटना लहान नाही.

एत्झेलची लेखणी मात्र येथेही थांबली नाही. हस्तलिखितात नेमोच्या ओठांवरचा अखेरचा शब्द 'स्वातंत्र्य' असा होता. छापील पुस्तकात त्याच्या जागी देव आणि मायदेश यांचे स्मरण आले. पारतंत्र्याविरुद्ध आयुष्य जाळलेल्या माणसाला धर्मशील मरण देण्यात आले.

पुढचे काम इंग्रजीने केले. 'समुद्राखाली वीस हजार लीग'चा इंग्रजी अनुवाद लुई मर्सियर या पाद्र्याने १८७० च्या दशकाच्या प्रारंभी केला आणि त्यात मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळला. त्यातील चुका विनोदी आहेत. नेब्रास्कातील 'बॅडलँड्स' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ओसाड भूभागाचे त्याने 'अप्रिय प्रदेश' असे भाषांतर केले. पण नेमोच्या खोलीतील चित्रांचा उल्लेख गाळणे ही चूक म्हणता येत नाही. ती चित्रे पोलंडच्या कोश्चुश्कोची, ग्रीसच्या बोत्सारिसची, आयर्लंडच्या ओकॉनेलची, इटलीच्या मानिनची, वॉशिंग्टन, लिंकन आणि फाशी गेलेल्या जॉन ब्राउनची होती. नेमो कोणाच्या बाजूचा आहे, हे त्या भिंतीवर लिहिलेले होते. ती भिंतच पुसली गेली. 'गूढ बेट'चा किंग्स्टनच्या नावाने १८७५ मध्ये निघालेला अनुवाद याहून पुढे गेला. त्यात १८५७ विषयीचा भाग नव्याने लिहिण्यात आला आणि महत्त्वाकांक्षी, अविवेकी संस्थानिकांनी प्रजेला चिथावले असा सूर मूळ संहितेच्या जागी घालण्यात आला. नेमोचे आत्मकथन त्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागले.

ही भाषांतरे शंभर वर्षांहून अधिक काळ इंग्रजी वाचकांच्या हाती राहिली. १९६० च्या दशकात वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन प्राध्यापकाने मूळ संहितेशी पडताळा घेऊन गाळलेल्या भागाकडे लक्ष वेधले. 'गूढ बेट'चे संपूर्ण आणि विश्वसनीय इंग्रजी अनुवाद यायला २००१ साल उजाडले. इंग्रजी जगात व्हर्न 'बालवाङ्मय' का ठरला, याचे एक उत्तर येथे मिळते. प्रौढ वाचकासाठी जे होते ते काढून टाकल्यावर उरलेले मुलांचे वाटले, यात नवल नाही.

मूळ व्हर्नला सरसकट साम्राज्यविरोधी ठरवणे हीही चूक होईल. 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा'मध्ये बुंदेलखंड येते ते वृद्ध राजाच्या चितेवर तरुण औदाला ढकलणाऱ्यांचा प्रदेश म्हणून. औदा सुटकेला पात्र ठरते, त्याचा तिच्या इंग्रजी वळणाच्या शिक्षणाशी संबंध आहे. डक्कारचे शिक्षणही युरोपातच झालेले आहे. 'वाफेचे घर' या कादंबरीचा प्रारंभ आपल्या अधिक जवळचा आहे : ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी औरंगाबादेत एक जाहीरनामा लागतो आणि मुंबई इलाख्यात असल्याचे कळलेल्या धोंडोपंत ऊर्फ नानासाहेबाला पकडून देणाऱ्यास इनाम घोषित होते. येथे १८५७ चा सेनानी भीषण प्रतिनायक आहे आणि वाचकाची सहानुभूती इंग्रज कर्नल मन्रोकडे वळवलेली आहे. पाच वर्षांच्या अंतराने एकाच लेखकाने एकाच उठावाला दोन चेहरे दिले. हा अंतर्विरोध व्हर्नचा आहे, त्याच्या काळाचाही आहे. आणि तो पाहावयाचा तर संपूर्ण संहिता हाती हवी.

६. मराठीतील व्हर्न

मराठी वाचकाशी व्हर्नचा संबंध जुना आहे. त्याच्या चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' या मासिकातून मराठीत आली आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास लिहिणारे तिच्यापासून प्रारंभ करतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी घरांत आणले. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' यासारखे शीर्षक पाहिले तरी त्यांची पद्धत ध्यानात येते. धूमकेतूवर अडकलेल्या माणसांची ही कथा त्यांनी पत्रावर पत्ता लिहावा इतक्या सहजतेने आपल्या भाषेत उतरवली. प्रस्तुत लेखकाच्या पिढीतील अनेकांना व्हर्न भेटला तो भागवतांच्या मराठीतून, आणि तो परका वाटला नाही. हे ऋण मोठे आहे.

तथापि मराठीपर्यंत व्हर्न मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने आला, हेही नोंदवले पाहिजे. ज्या वाटेवर नेमोच्या भिंतीवरील चित्रे गळून पडली आणि १८५७ चा आशय उलटा झाला, तीच ही वाट. आपल्याकडे व्हर्नची पुस्तके किशोरांसाठी संक्षिप्त करण्यात आली, त्यात गैर काही नाही. परंतु संक्षेपाशेजारी मूळ फ्रेंचवरून केलेले, सटीप, प्रौढ वाचकासाठीचे मराठी 'गूढ बेट' असावयास हवे. बुंदेलखंडाचा राजपुत्र आपल्या भाषेत आपले खरे आत्मकथन करू शकेल, एवढी व्यवस्था विद्यापीठीय अभ्यासकांनी करावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

७. समारोप

१८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत व्हर्नने आपल्याला फ्रेंच साहित्यात स्थान मिळाले नाही, याची खंत व्यक्त केली होती. फ्रेंच अकादमीने त्याला कधीही निवडले नाही. पुढे मिशेल ब्यूतोर, बार्त, फूको आणि माशरे यांनी त्याच्याविषयी गांभीर्याने लिहिले. २०१२ मध्ये फ्रान्समधील प्रतिष्ठेच्या 'प्लेयाद' ग्रंथमालेत त्याच्या कादंबऱ्यांचा समावेश झाला. वाचकांनी दिलेले स्थान अभ्यासकांनी मान्य करण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला.

लोकप्रिय लेखनाकडे आपण दोन तऱ्हांनी पाहतो. लोकांना आवडते म्हणून ते हलके, अशी एक तऱ्हा. लोकांना आवडते म्हणून ते थोर, अशी दुसरी. दोन्हींत लोकांना नेमके काय वाचावयास मिळाले, हा प्रश्न सुटून जातो. मराठी परंपरेला हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरी घरोघर पोचली, तिच्या पोथ्यांवर पोथ्या उतरल्या आणि त्या प्रसारातच अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचे शुद्धीकरण हाती घेतले ते ग्रंथ विस्मरणात गेला म्हणून नव्हे, तो फार वाचला गेला म्हणून. व्हर्न आणि ज्ञानदेव यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे ती एकनाथांची दृष्टी. जे ग्रंथ सर्वांत अधिक वाचले जातात त्यांच्याच संहितेची चिकित्सा सर्वांत आधी व्हावयास हवी, ही ती दृष्टी. व्हर्नची कथा दीडशे वर्षे टिकून आहे. नेमोचा अखेरचा शब्द त्याला परत मिळवून देणे हे काम अभ्यासकाचे आहे.